पुढे दुसरा रेझिस्टर आहे, हे पहिल्याला कसं कळतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. तुम्ही १२ व्होल्टच्या सप्लायला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसर, म्हणजे सिरीजमध्ये जोडले. हिशोबाने प्रत्येकावर ६ व्होल्ट यायला हवेत. मल्टिमीटर लावला तर एकावर ५.७१ आणि दुसऱ्यावरही ५.७१ आले. बेरीज ११.४२, आणि सप्लाय मोजला तर पुरा १२.००. मग मधले ०.५८ व्होल्ट गेले कुठे, रेझिस्टर खराब आहेत का, असं तुम्ही विचारलंत. त्याआधी आणखी दोन प्रश्न आहेत आणि मला ते जास्त मोलाचे वाटतात. पहिल्या रेझिस्टरमधून जाताना विजेला पुढे दुसरा आहे हे कसं कळतं, की ती त्याचा वाटा बरोबर राखून ठेवते? आणि शेवटच्या रेझिस्टरनंतर नेमकं शून्यच कसं उरतं, थोडंफार शिल्लक का राहत नाही?

मी गेली सव्वीस वर्षं मोजमापाची उपकरणं आणि कंट्रोल पॅनेल दुरुस्त करते. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मला हा पहिला प्रश्न ऐकायचा असतो, पण बहुतेक जण तो विचारतच नाहीत. सूत्र पाठ असतं, गणित सुटतं, त्यामुळे प्रश्न मनात येऊनही दाबला जातो. तुम्ही तो दाबला नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचे रेझिस्टर चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकते. ०.५८ व्होल्टचं उत्तर शेवटी आपोआप निघेल, कारण ते पहिल्या प्रश्नाच्याच पोटात आहे.

आधी व्होल्टेज म्हणजे काय ते पक्कं करू. ‘वायरमधून १२ व्होल्ट जातात’ असं आपण सगळेच बोलतो. कामाच्या घाईत मीही बोलते. पण विचार करताना हे वाक्य बाजूला ठेवायला हवं. वायरमधून जातो तो विद्युतप्रभार, आणि त्याच्या प्रवाहाला आपण करंट म्हणतो. व्होल्टेज कुठेच जात नाही. ते दोन ठिकाणांमधलं अंतर आहे. शाळेच्या पुस्तकातला ‘विभवांतर’ हा शब्द बोलायला जड आहे, पण त्यातलं ‘अंतर’ फार नेमकं आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एक कूलोम प्रभार गेला तर त्याच्याकडून किती ऊर्जा सुटते, हे ते अंतर सांगतं. १२ व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे १२ ज्यूल. एक कूलोम म्हणजे साधारण ६२ हजार ४०० कोटी कोटी इलेक्ट्रॉन. हा आकडा लक्षात ठेवायची गरज नाही, एक अँपिअर करंट असेल तर दर सेकंदाला एक कूलोम जातो एवढं पुरे.

उंचीशी तुलना केली की हे चटकन बसतं. ‘ही पायरी किती उंच आहे?’ या प्रश्नाला कुठून मोजायचं ते ठरवल्याशिवाय उत्तर नाही. जमिनीपासून, मधल्या माळ्यापासून की खालच्या पायरीपासून? सर्किटमध्येही ‘या बिंदूचं व्होल्टेज’ असं म्हटलं की ‘कशाच्या तुलनेत’ हे मनातल्या मनात जोडायचं. मल्टिमीटरला दोन प्रोब असतात ते याच कारणाने. काळा प्रोब कुठे ठेवलाय हे न सांगता सांगितलेलं रीडिंग मी विद्यार्थ्यांकडून घेतच नाही.

उच्च दाबाच्या तारेवर पक्षी सुखरूप बसतो, त्याचंही हेच कारण. तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारी आडकाठी, किलोमीटरला ०.१ ओहम धरा, करंट ५०० अँपिअर, आणि दोन पायांमधली जागा ५ सेंटिमीटर. तेवढ्या तुकड्याचा रोध एका ओहमच्या दशलक्षांश भागाच्या पाचपट भरतो, आणि दोन पायांमधलं व्होल्टेज जेमतेम अडीच मिलिव्होल्ट. तार जमिनीच्या तुलनेत हजारो व्होल्टवर असली तरी पक्ष्याचा दुसरा पाय जमिनीवर नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. आकडे सोपे राहावेत म्हणून ९ व्होल्टची बॅटरी घेते. वर, धन टोकाकडे, १ किलोओहमचा रेझिस्टर. खाली, ऋण टोकाकडे, २ किलोओहमचा. दोघांच्या मध्ये एक जोड आहे. पूर्ण लक्ष त्या जोडावर ठेवा. सगळी गोष्ट तिथेच घडते.

समजा, विजेला खरोखरच काही कळत नाही आणि सुरुवातीला ९ व्होल्टची सरळ निम्मी वाटणी झाली: वर ४.५, खाली ४.५. मग काय होईल? करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध, म्हणून वरच्या १ किलोओहममधून ४.५ मिलिअँपिअर जोडाकडे येतील. खालच्या २ किलोओहममधून मात्र २.२५ मिलिअँपिअरच बाहेर पडतील. येणारा प्रभार जाणाऱ्याच्या दुप्पट. उरलेला जाणार कुठे? जोडावर साचणार. साचलेला धन प्रभार जोडाची पातळी वर उचलतो. (खरे हलतात ते इलेक्ट्रॉन, उलट दिशेने; हिशोब तोच राहतो.) जोडाची पातळी ४.५ वरून ५ झाली, तर वरच्या रेझिस्टरवर आता ४ व्होल्टच उरले, म्हणून आवक घटून ४ मिलिअँपिअर झाली. खालच्यावर ५ व्होल्ट आले, म्हणून जावक वाढून २.५ झाली. अजूनही आवक जास्त, अजूनही साचतंय, पातळी अजून चढतेय. ६ व्होल्टवर आली की वर ३ व्होल्ट, १ किलोओहम, ३ मिलिअँपिअर. खाली ६ व्होल्ट, २ किलोओहम, ३ मिलिअँपिअर. आवक आणि जावक सारखी. साचणं थांबलं, पातळी थांबली.

आणि समजा काही कारणाने ती ७ व्होल्टवर गेली असती तर? वरून २ मिलिअँपिअर येतात, खालून ३.५ जातात. जोडावरचा प्रभार कमी होतो, पातळी उतरते आणि पुन्हा ६ वर येऊन थांबते. कुठूनही सुरुवात करा, थांबायची जागा एकच.

म्हणजे पहिल्या रेझिस्टरला पुढचं काहीही कळत नाही. तो त्याच्या दोन टोकांमध्ये या क्षणी जेवढं व्होल्टेज आहे तेवढ्याला साजेसा करंट सोडतो, बस. दुसराही तेच करतो. दोघांचं जमलं नाही तर मधल्या जोडावर प्रभार तुंबतो किंवा ओसरतो, आणि ते तुंबणं-ओसरणंच जोडाची पातळी हलवून दोघांचं जमवून देतो. वाटणी कोणी आधी ठरवत नाही, ती घडत जाते. चिंचोळ्या दारापाशी गर्दी कशी होते आठवा. मागच्या माणसाला दार दिसत नसतं. त्याला पुढच्याची पाठ लागते आणि तो हळू होतो.

हे सगळं किती वेळात होतं? जोडाची प्रभार साठवायची ताकद, म्हणजे तिथली आपसूक असलेली कपॅसिटन्स, १० पिकोफॅरड धरली तर या सर्किटमध्ये पातळी जागेवर यायला वीस-तीस नॅनोसेकंद पुरतात. एका नॅनोसेकंदात प्रकाशही फक्त ३० सेंटिमीटर जातो. तुमच्या १ मेगाओहमच्या जोडीला तेवढ्याच कपॅसिटन्सवर वीस-तीस मायक्रोसेकंद लागतील, कारण रोध मोठा म्हणून प्रभार सावकाश साचतो. बटण दाबल्यावर आपल्याला दिसते ती वाटणी पूर्ण झाल्यानंतरची अवस्था. त्यामुळे ‘आधीच माहीत होतं’ असं वाटतं. पण अगदी पहिल्या क्षणी पहिल्या रेझिस्टरला खरोखरच दुसऱ्याचा पत्ता नसतो, हे लांब केबलवर वेगवान ऑसिलोस्कोप (क्षणाक्षणाला बदलणारं व्होल्टेज स्क्रीनवर दाखवणारं उपकरण) लावून डोळ्यांनी पाहता येतं. केबलच्या पलीकडच्या टोकाला काय जोडलंय याचा परिणाम अलीकडे थोडा वेळ गेल्यावर पोचतो. स्क्रीनवर व्होल्टेजची पायरी आधी एका उंचीवर थांबते आणि मग दुसऱ्या उंचीवर जाते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तीच एक पायरी पाहत बसले होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. निरोप वेगाने जातो म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने पळतात असं नाही. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर वाहत असेल तर इलेक्ट्रॉनांची पुढे सरकण्याची सरासरी गती सेकंदाला मिलिमीटरच्या शंभरांश भागांत मोजावी लागते, साधारण ०.०७ मिलिमीटर. दिवा लागतो तेव्हा स्विचपाशी असलेला इलेक्ट्रॉन तिथून जेमतेम हललेला असतो. तार आधीपासून भरलेली असते. एका टोकाला ढकललं की ढकलणं पुढे जातं.

‘नेमकं शून्यच कसं उरतं’ याचं उत्तर आता सोपं झालं. शून्य उरत नाही, शून्य आपण ठरवलेलं असतं. खालच्या रेझिस्टरचं शेवटचं टोक वायरने बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं आहे, म्हणून त्याची पातळी तीच. त्या पातळीला आपण शून्य म्हणतो. तिला १०० म्हणा, वरचं टोक १०९ होईल, अंतर तेच. दोन टोकांमधलं ९ व्होल्टचं अंतर बॅटरीने धरून ठेवलंय. मधल्यांनी ते आपापसात वाटून घ्यायचं आहे. दोन मजल्यांमधली उंची ठरलेली असेल आणि मध्ये दोनच पायऱ्या असतील, तर दोन्ही पायऱ्यांची बेरीज त्या उंचीइतकी होणारच. तिथे उरण्याचा किंवा कमी पडण्याचा प्रश्नच नाही. हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरचॉफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच मांडला: कुठल्याही बंद फेरीत सगळ्या चढउतारांची बेरीज शून्य. जोडापाशी आवक-जावक सारखी असते हाही त्यांचाच नियम, आणि तो आपण वर घडताना पाहिला.

काटेकोर बोलायचं तर वायरही थोडा वाटा घेते. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध साधारण १७ मिलिओहम. ३ मिलिअँपिअरला त्यावर ५१ मायक्रोव्होल्ट पडतात. तुमच्या मल्टिमीटरला ते दिसणार नाहीत, म्हणून सोडून देते. करंट वाढला की हेच सोडून देणं महागात पडतं. त्याबद्दल पुढे सांगते.

सूत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. व्होल्टेज वाटणाऱ्या अशा रेझिस्टरांच्या जोडीला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात; त्याचं सूत्र पाठ करू नका. आधी करंट काढा. एकसर जोडणीत फांदी फुटत नाही, म्हणून सगळीकडे करंट एकच. तो कळला की प्रत्येक रोधाने गुणायचं. सूत्र पाठ असणारा माणूस सर्किट जरा वेगळं दिसलं की चुकतो. करंटच्या मागे जाणारा चुकत नाही. एकच करंट सगळ्यांतून जातोय, म्हणून ज्याचा रोध जास्त त्यावर व्होल्टेज जास्त, त्याच प्रमाणात. ‘रोध मोठा म्हणजे तो कमी घेईल’ असं नवख्यांना वाटतं, कारण मनात समांतर जोडणी असते. समांतर जोडणीत व्होल्टेज सगळ्यांना सारखं असतं आणि करंट वाटला जातो. एकसर जोडणीत करंट सारखा असतो आणि व्होल्टेज वाटलं जातं. या दोन्हींची सरमिसळ हे मी पाहिलेल्या चुकांचं सगळ्यांत मोठं मूळ आहे.

ही कल्पना टोकाला नेऊन पाहा. एक रेझिस्टर १ किलोओहमचा आणि दुसरा त्याच्या लाखपट, मग जवळपास सगळं व्होल्टेज दुसऱ्यावर. आता दुसरा रेझिस्टर काढूनच टाका आणि तिथे हवेची फट ठेवा. फट म्हणजे प्रचंड मोठा रोध. करंट शून्य, पहिल्या रेझिस्टरवर शून्य व्होल्ट, आणि सप्लायचं सगळं व्होल्टेज त्या फटीवर. विझलेल्या सिरीजच्या माळेत दिवे बंद म्हणजे वीज नाही, असं समजून तुटलेल्या जागी हात घालणं जिवावर बेतू शकतं ते याच कारणाने. तुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये माळेचं पूर्ण व्होल्टेज उभं असतं. याच गुणाचा आम्ही रोज उपयोग करतो. पॅनेलमध्ये लोड, म्हणजे वीज वापरणारं उपकरण, जोडलेला असताना फ्यूजच्या दोन टोकांना मीटर लावायचा. शून्याच्या जवळ दाखवला तर फ्यूज शाबूत, पूर्ण व्होल्टेज दाखवलं तर उडालेला. फ्यूज बाहेर काढावाही लागत नाही. मात्र मेनच्या व्होल्टेजवर हे काम योग्य दर्जाचा मीटर आणि शिकवणारं माणूस जवळ असल्याशिवाय करू नका, ही कळकळीची विनंती.

तंतूचे दोन जुने बल्ब, एक ४० वॅटचा आणि एक १०० वॅटचा, २३० व्होल्टवर एकसर लावले तर जास्त कोण उजळेल? बहुतेक सगळे १०० म्हणतात. उजळतो ४० चा. पूर्ण तेजावर ४० वॅटच्या तंतूचा रोध साधारण १३२२ ओहम, १०० वॅटच्या तंतूचा ५२९. एकच करंट, म्हणून ४० वाल्यावर व्होल्टेज जास्त. या आकड्यांनी वाटणी १६४ आणि ६६ व्होल्ट निघते, पण प्रत्यक्षात ४० वाल्याचा वाटा याहून मोठा असतो. कारण १०० वाल्याचा तंतू नीट तापतच नाही, आणि थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या कितीतरी पटींनी कमी. म्हणून त्याचा वाटा घटतो, म्हणून तो आणखी कमी तापतो. जोडावरची तडजोड इथेही चालू असते. फक्त इथे तापमानही तिच्यात भाग घेतं.

आता तो महागात पडणारा प्रकार. एकदा एका ठिकाणचा डिझेल जनरेटर सुरू होत नाही म्हणून मला बोलावलं. स्टार्टर ‘टक्’ करायचा आणि गप्प. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. पॅनेलवरचा दिवा लख्ख लागत होता. तिथल्या माणसांनी स्टार्टर मोटर खराब ठरवून नवीन मागवायची तयारी केली होती. मी मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवला आणि दुसरा त्याच खुंटावर घट्ट बसलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकाच टोकावर म्हणायला हरकत नाही. मध्ये फक्त एक पांढरट-हिरवी पूड. किल्ली न फिरवता रीडिंग शून्य. ‘फिरवा’ म्हटलं, आणि मीटरवर ४.८ व्होल्ट आले. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये, जिथे काहीच नसायला हवं, तिथे जवळपास पाच व्होल्ट.

याचा हिशोब करून पाहा. बॅटरीचा आतला रोध ०.०१ ओहम, स्टार्टरचा ०.०७, आणि त्या गंजलेल्या जोडाचा ०.०५ धरा. एकूण ०.१३ ओहम, १२.६ व्होल्टला ९७ अँपिअर. जोडावर ४.८५ व्होल्ट, स्टार्टरवर ६.८. अर्ध्याच व्होल्टेजवर ती मोटर इंजिन फिरवणार कशी? आणि जोडापाशी चारशे सत्तर वॅट उष्णता. हात लावला तर क्लॅम्प चटका देत होता. दिवा मात्र ५ अँपिअरवर चालतो, त्याच्यासाठी त्याच जोडावर फक्त पाव व्होल्ट पडतो, म्हणून तो लख्ख. आणि मीटर नुसता लावला तर करंट जवळपास शून्य, म्हणून सगळीकडे १२.६. दोष तोच, जागा तीच, पण त्याचा वाटा करंटप्रमाणे बदलतो. सँडपेपरने खुंट घासला, क्लॅम्प आवळला, जनरेटर पहिल्या फिरकीत सुरू झाला. तेव्हापासून मी कुठल्याही सैल किंवा गंजलेल्या जोडाकडे सर्किटच्या आकृतीत न दाखवलेला रेझिस्टर म्हणूनच पाहते. व्होल्टेज नेहमी लोड चालू असताना मोजा, आणि जोडाच्या आरपार मोजा.

बॅटरीचा आतला रोध वर ओघात आला, त्यावर दोन शब्द. ज्यांच्या नावावरून रोधाचं एकक आलं त्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओहम यांनाही याच गोष्टीने सतावलं होतं. १८२५ च्या सुमारास ते रासायनिक घट वापरून प्रयोग करत होते, आणि करंट घेतला की घटाचं व्होल्टेज घसरत जायचं. शेवटी पोगेनडॉर्फ या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी तांबं आणि बिस्मथ यांची तापयुग्माची, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी, जोडी घेतली; एक टोक उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरं बर्फात. व्होल्टेज अगदी थोडं, पण स्थिर. त्या स्थिर स्रोतावर त्यांना आज आपण ज्याला त्यांच्या नावाने ओळखतो तो नियम हाती लागला. स्रोत स्वतःही वाटणीत सामील असतो हे ज्याला उमगलं नाही, त्याला बाकीची वाटणीही नीट मोजता येत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी एक पायरी राहिली. डिव्हायडरने १२ व्होल्टचे ५ करून त्यावर काहीतरी चालवायचा मोह सगळ्यांना होतो. वर ७ किलोओहम, खाली ५ किलोओहम घेतले की करंट १ मिलिअँपिअर आणि खालच्यावर बरोबर ५ व्होल्ट. त्या ५ व्होल्टवर १ किलोओहमचं एखादं उपकरण जोडा. आता खाली ५ किलोओहम एकटा नाही; त्याला १ किलोओहम समांतर आहे, दोघांचा मिळून रोध ८३३ ओहम. करंटसाठी नवीन वाट उघडली, जोडावरची जावक वाढली, पातळी उतरली. १२ व्होल्ट आता ७००० आणि ८३३ मध्ये वाटले जातात, आणि ५ च्या जागी १.२८ व्होल्ट उरतात. डिव्हायडर संदेश द्यायला, मोजायला, तुलना करायला उत्तम आहे. उदाहरणार्थ, २५ अंशांना १० किलोओहम असणारा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा घटक) १० किलोओहमच्या रेझिस्टरसोबत ३.३ व्होल्टवर लावला की जोडावर १.६५ व्होल्ट मिळतात, आणि तापमान बदललं की ते सरकतात. पण शक्ती पुरवायला तो नाही. त्यासाठी व्होल्टेज स्थिर राखणारा व्होल्टेज रेग्युलेटर लावा.

आणि आता तुमचे ०.५८ व्होल्ट. मीटर लावलात म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत? एका रेझिस्टरला समांतर आणखी एक रोध जोडलात. डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्ट मोजतानाचा आतला रोध बहुधा १० मेगाओहम असतो. १ मेगाओहमला १० मेगाओहम समांतर, मिळून ०.९०९. १२ व्होल्ट आता १ आणि ०.९०९ मध्ये वाटले जातात, आणि मीटर ज्यावर आहे त्याच्या वाट्याला ५.७१ येतात. त्या क्षणी दुसऱ्यावर ६.२९ असतात. मग तुम्ही मीटर उचलून दुसऱ्यावर लावलात, तेव्हा तो ५.७१ झाला आणि पहिला ६.२९. मीटरने दोन्ही वेळा खरंच सांगितलं, पण दोन वेगवेगळ्या सर्किटांबद्दल. तुम्ही ती रीडिंगं एकाच सर्किटची म्हणून मिळवलीत. मीटर काढला की दोन्हींवर ६ व्होल्ट असतात.

हेच काम जुन्या काट्याच्या मीटरने केलं असतं तर धक्काच बसला असता. व्होल्टला २० हजार ओहम असा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा रोध होतो. तुमच्या रेझिस्टरवर त्याने १.७१ व्होल्ट दाखवले असते.

खात्री करून घ्यायची असेल तर १ मेगाओहमच्या जागी १ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर लावा. मीटरचे १० मेगाओहम त्यापुढे इतके मोठे की त्याची आडकाठी जाणवणार नाही, आणि दोन्हींची बेरीज १२.०० येईल. मग पुन्हा तुमच्या मूळ जोडीकडे या, कारण त्यात एक मजेची गोष्ट लपलेली आहे. सप्लायच्या १२.०० ला तुमच्या बेरजेने, ११.४२ ने, भागा. १.०५ येतं. त्यातला वरचा ०.०५ म्हणजे तुमच्या दोन रेझिस्टरांचा समांतर रोध भागिले मीटरचा रोध. समांतर रोध ५०० किलोओहम, त्याला ०.०५ ने भागलं की १० मेगाओहम. तुम्ही न ठरवता तुमच्या मीटरच्या आतला रोध मोजून ठेवला आहे. मीटरच्या माहितीपत्रकात ‘इनपुट इम्पीडन्स’ या नावाखाली दिलेला आकडा आता काढून पाहा, आणि जुळतो का ते मला कळवा.